थोरलीची सोबत

थोरली रोज सकाळी दार वाजवायची, तेव्हा धाकटी जागीच असायची. हातात चहाचा कप, पाय स्टुलावर आणि कान जिन्याकडे. पावलं वाजली की ती कप खाली ठेवायची आणि चेहऱ्यावर दुखणं आणायची. नेमकं कुठलं दुखणं, ते आयत्या वेळी ठरायचं.

"ऊठ. बूट घाल," थोरली उंबऱ्याबाहेरूनच सांगायची.

"आज नको जाऊबाई. गुडघा धरलाय."

"धरलाय म्हणूनच चालायचं. बसून कोणाचा गुडघा सुटलाय आजवर?"

"उद्या बघू."

"तुझं उद्या काही उजाडत नाही," असं म्हणून थोरली वळायची. हातात छत्री. आभाळ कोरडं ठणठणीत असलं तरी ह्या थंडीत तिच्या हातात छत्री असायचीच. धाकटी मागून विचारायची, "पाऊस कुठाय जाऊबाई?" थोरली उत्तर द्यायची नाही. मग धाकटी दार लावून उरलेला चहा प्यायची, आणि तो तिला जरा जास्तच गोड लागायचा.

दोघी सख्ख्या जावा. एकाच इमारतीत राहायच्या, थोरली दुसऱ्या मजल्यावर आणि धाकटी तळमजल्यावर. दोघींचे नवरे, म्हणजे दोघे भाऊ, पाठोपाठ गेले होते. थोरली मोठ्या इस्पितळात मेट्रन होती. तिच्या बुटांचा आवाज आला की वॉर्डातले बरे होत आलेले रुग्ण आपोआप उठून बसत आणि बाकीचे डोळे मिटून घेत, असं तिचा नवरा सांगायचा. तोच आवाज ती घरी घेऊन यायची. धाकटी लग्न होऊन ह्या घरात आली त्या दिवसापासून तिने तो ऐकला. खिडकी किती उघडायची, भांडी कशी पालथी घालायची, पाहुण्यांना चहा आधी द्यायचा की पाणी, सगळं थोरली ठरवायची. धाकटीने कधी उलट उत्तर दिलं नाही. ती शिवणकाम करायची, आणि मशीनवर मान खाली घालून बसणाऱ्या बाईला उलट उत्तर देण्याची गरजही फारशी पडत नाही.

पण माणूस किती वर्षं मान खाली घालून बसणार? नवरा गेल्यावर, घर आपलं एकटीचं झाल्यावर धाकटीला एक चैन सापडली. नाही म्हणायची. तीसुद्धा तोंडावर नाही, गुडघ्याच्या आडून. तिला व्यायामाचं वावडं नव्हतं. वावडं होतं ते थोरलीच्या तोंडून येणाऱ्या व्यायामाचं. दुसऱ्या कोणी गोड बोलून नेलं असतं तर ती बागेला फेऱ्या मारून आली असती आणि वर चार जणींना सांगितलंही असतं.

शरीर मात्र ह्या मानापमानात पडत नाही. ते आपलं गुपचूप बसत जातं. धाकटीचं मशीन पूर्वी पायाचं होतं. दिवसभर पाय हलायचे, पोटऱ्या दगडासारख्या होत्या. मग नवऱ्याने हौसेनं मोटर बसवून दिली आणि पाय सेवानिवृत्त झाले. पूर्वी ती टाचण्या तोंडात धरून गिऱ्हाइकाच्या पायाशी उकिडवी बसायची आणि झग्याची उंची आखायची. आता ती गिऱ्हाइकालाच टेबलावर चढवायची आणि स्वतः खुर्चीत बसून आखायची. "उजेड इथं चांगला येतो," म्हणायची. एकदा एक जाडजूड बाई टेबलावर उभी राहून इतकी घाबरली की तिने झगा न आखताच घरी नेला. खाली पडलेला खडू धाकटी उचलायची नाही, नवा काढायची. संध्याकाळपर्यंत मशीनभोवती खडूंची रांगोळी झालेली असायची.

हे तिला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. म्हणून तर एका सकाळी ती चहा झाल्या झाल्या उठली, कपाटाच्या तळातून बूट काढले, खुर्चीत बसून धापा टाकत नाड्या बांधल्या, आणि दाराच्या आत येऊन उभी राहिली. आज जायचंच. जिन्यावर पावलं वाजली. दार वाजलं. ती कडीला हात घालणार तोच बाहेरून आवाज आला, "झालीस का तयार, की आजही नाटकं आहेत?"

नाटकं. धाकटीचा हात कडीवरच थांबला. ती दार न उघडता म्हणाली, "पाठ भरून आलीय जाऊबाई."

बाहेर थोरली नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ उभी राहिली. मग गेली. धाकटीने बूट काढले. एका शब्दासाठी माणूस किती महागात पडणारी गोष्ट करून बसतं! पण त्या वेळी तिला आपण जिंकलो असंच वाटलं.

त्यानंतर काही दिवसांनी दार वाजायचं बंद झालं.

पहिल्या दिवशी धाकटी खूश झाली. दुसऱ्या दिवशी तिने चहा पिताना दोनदा दाराकडे पाहिलं. आठवडा उलटला तेव्हा तिला राग आला. इतकी वर्षं मागे लागली आणि आता साधी चौकशी नाही? किराणा वर जाताना दिसत होता, खिडकीत दिवा लागत होता, म्हणजे बाई धडधाकट आहे आणि रुसून बसलीय. बसू दे. फोन दोघींकडे होता, पण आधी करायचा कोणी हा जुना प्रश्न होता. आणि वर जायचं तर दोन मजले. धाकटी जिन्याकडे बघायची आणि मनाशी म्हणायची, मी का म्हणून जाऊ? त्या एका प्रश्नामागे मान किती होता आणि गुडघे किती, हे तिने कधी तपासलं नाही.

थंडी संपत आली तेव्हा थोरलीचा मुलगा आला. लांबच्या शहरात नोकरीला होता. धाकटीला मूलबाळ नव्हतं. हा पुतण्या तिच्या मशीनखाली चिंध्यांशी खेळत मोठा झाला होता, त्यामुळे वर जाण्याआधी तो तिच्याच दारात थांबायचा. ह्या वेळी त्याच्या हातात रिकामी खोकी होती.

"काकू, आईला घेऊन जातोय. रविवारी निघू."

"घेऊन जातोयस? का रे? काय झालं?"

"काय झालं म्हणजे? तुम्हाला माहीतच आहे की. तोल." तो खोकी खाली ठेवून तिच्यासमोर बसला. "डॉक्टरांनी थंडीच्या आधीच सांगितलं होतं, चालणं सोडायचं नाही, सोडलं की पाय गेले म्हणून समजा. पण एकटीनं चालायचं नाही. मी लगेच घेऊन जायला निघालो होतो. आईच म्हणाली, कशाला? खाली धाकटी आहे, ती येते रोज सोबतीला."

धाकटीच्या हातातली सुई तशीच राहिली.

"फोनवर रोज विचारायचो. म्हणायची, आत्ताच जाऊन आलो दोघी. धाकटी जरा हळू चालते, पण येते." तो हसला, आणि मग त्याने वाकून तिच्या हातावर हात ठेवला. "काकू, तुमच्यामुळे मी निर्धास्त होतो. आता तिचे पायच उचलत नाहीत, त्याला तुम्ही तरी काय करणार? पण तुम्ही केलंत ते मी विसरणार नाही."

एखाद्याने तोंडावर थुंकलं असतं तर धाकटीला ते सोसलं असतं. हे सोसेना. खरं सांगावं म्हणून तिने तोंड उघडलं, पण तोवर पुतण्या खोकी उचलून वर गेलासुद्धा.

मग धाकटी जिना चढली. कठडा धरून, दर चार पायऱ्यांवर थांबत, छाती भात्यासारखी हलवत. पहिल्या मजल्यावर ती पायरीवर बसली आणि उठायला कठड्याला लोंबकळावं लागलं. छत्री कशासाठी होती ते तिला तिथं कळलं.

थोरली खिडकीजवळ खुर्चीत होती. मांडीवर शाल. पोटऱ्या वाळल्या होत्या आणि मोजे घोट्यावर घरंगळले होते. ज्या बाईने आयुष्यभर मोज्याला एक सुरकुती पडू दिली नाही, तिचे मोजे. धाकटीने आधी तेच पाहिलं.

"आलीस?" थोरली म्हणाली. "बस. धाप लागलीय तुला."

"जाऊबाई, मला सांगायचं नाही?"

"काय सांगायचं?"

"तोल जातो म्हणून. डॉक्टर काय म्हणाले ते. एकटीनं जायचं नाही म्हणून!"

"रोज तर सांगत होते. चल म्हणत होते."

"चल म्हणजे हुकूम! मला वाटलं, नेहमीसारखं मलाच शिस्त लावताय. 'माझ्यासाठी चल, मला भीती वाटते' एवढं म्हणायला काय झालं होतं?"

थोरलीने शाल सारखी केली. मग म्हणाली, "मला येत नाही गं तसं म्हणायला. शिकलेच नाही. तू धाकटी. धाकटीकडे मागायचं कसं?"

"आणि मी आले नाही, तर तुम्ही कुठं जायचात?"

"फाटकापर्यंत. मग बाकावर बसायचे जरा वेळ. मुलाला खोटं तरी किती सांगायचं, निदान बाहेर पडून आले असं तरी म्हणता यावं." ती थांबली. "मग एक दिवस बाकावरून उठायला दुसऱ्याला हाक मारावी लागली. त्यानंतर नाही गेले."

धाकटीला रडू फुटलं. आतल्या आत हुंदके देत नव्हे, चांगलं मोठ्यानं. थोरलीने तिला गप्प बस म्हटलं नाही, हीच एक गोष्ट त्या दिवशी वेगळी झाली. उलट हळूच म्हणाली, "मला तिकडे जायचं नाही. मुलगा नि सून दिवसभर दोघंही कामाला. मी एका खोलीत खुर्चीवर. मी बघितलेत असे पेशंट. खुर्चीतून पलंगावर जातात आणि पलंगावरून कुठंच जात नाहीत."

धाकटीने डोळे पुसले. "नाहीच जायचं. माझ्याकडे खाली राहायचं. जिना नको, काही नको. मी चालवते तुम्हाला. रोज. घरातल्या घरात, मग दारापर्यंत, मग फाटकापर्यंत."

पुतण्या आतल्या खोलीत भांडी गुंडाळत होता. तो बाहेर आला. त्याच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं की त्यालाही हेच हवं होतं. पण तो हिशेबी मुलगा. तो म्हणाला, "काकू, मला आवडेल. पण डॉक्टर एकच विचारतात. ती खाली बसली, घसरली, तर घरात तिला उठवणारं कोणी आहे का? तुम्हाला उठवता येईल?"

"न यायला काय झालं?" धाकटी म्हणाली. "त्या अशा कितीशा आहेत? चिमणीएवढ्या."

"मग दाखवा मला एकदा. खुर्चीतून उभं करा फक्त."

थोरलीचा चेहरा उजळला. मेट्रन जागी झाली. "समोर ये. माझे हात नाही धरायचे, खांदा निखळतो. कमरेत धर. पाय फाकव. गुडघ्यात वाक, पाठीत नाही. आणि मी तीन म्हटलं की उचल."

धाकटी समोर आली. पाय फाकवले. कमरेत हात घातला. किती दिवसांनी ती थोरलीच्या इतक्या जवळ आली होती कोण जाणे. केसांना साबणाचा वास येत होता. थोरलीने अंक मोजले आणि तिसऱ्याला दोघींनी जोर केला. थोरली खुर्चीतून वर आली. आली, खरंच आली. दोघी क्षणभर छातीला छाती लावून उभ्या राहिल्या, आणि धाकटी "बघ रे" म्हणणार तोच तिच्या मांड्या थरथरायला लागल्या. आपलेच पाय दुसऱ्या कोणाचे असावेत तसे मऊ झाले. तिने थोरलीला सोडलं नाही, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. धरूनच ती हळूहळू खाली गेली, आणि दोघी सतरंजीवर बसत्या झाल्या.

आधी थोरली हसली. मग धाकटीही हसली. दोघी म्हाताऱ्या जमिनीवर पाय पसरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. मग धाकटी उठायला गेली. हात टेकला, कूस बदलली, खुर्चीचा पाय धरला. उठता येईना. पुन्हा प्रयत्न केला. पुतण्या मदतीला आला तेव्हा तिने त्याला हातानंच थांबवलं आणि तिसऱ्यांदा जोर केला. खुर्ची सरकली, ती नाही.

हसणं केव्हाच थांबलं होतं.

पुतण्याने आधी आईला उचललं, मग काकूला. मग आत जाऊन भांडी गुंडाळायला लागला. थोरलीने मान खिडकीकडे वळवली. धाकटीला तिच्या हुकमांची कधी नव्हे इतकी आस लागली. ओरडावं तिने. सांगत होते ना, असं म्हणावं. पण थोरली फक्त म्हणाली, "जिना उतरताना कठडा धर."

रविवारी गाडी गेली.

सोमवारी सकाळी धाकटीने बूट घातले. बैल गेला आणि झोपा केला, हे तिला कोणी सांगायला नको होतं. तरी तिने घातले. कारण एक गोष्ट तिला समजली होती: वेळ हातची गेली असली तरी थोरली अजून होती, आणि पुतण्याने दार अगदीच लावलं नव्हतं. निघताना तिने त्याला विचारलं होतं, "मी उठवू शकले, तर?" तो म्हणाला होता, "तर बघू काकू."

दवाखान्यात व्यायाम शिकवणारी एक मुलगी होती. तिच्यासमोर धाकटीने पहिल्यांदा खोटं दुखणं न सांगता खरं सांगितलं. मुलीने शिकवलं तसं ती ओट्याला धरून टाचा उचलायची, खुर्चीतून हात न टेकता उठायची आणि बसायची. मशीनची मोटर तिने काढून टाकली आणि पुन्हा पाय मारायला लागली. टीप वाकडी आली तर उसवायची. गिऱ्हाइकं टेबलावरून खाली आली. जमिनीवरून उठायचं कसं हेही ती शिकली. आधी कुशीवर, मग रांगायच्या तऱ्हेनं, मग एक पाय पुढं. उन्हाळा सरेपर्यंत ती खडू स्वतः उचलायला लागली. ह्यात मजा वाटायची का? मुळीच नाही. रोज सकाळी पांघरूण ओढून घ्यावंसं वाटायचं. रोज पाठ भरून आल्यासारखी वाटायची, आणि आता ते ऐकायला दाराबाहेर कोणी नव्हतं, त्यामुळे बहाणा करून उपयोग नव्हता.

शिवणाचा पुतळा कोपऱ्यात होता. त्याला तिने जुन्या पडद्यांची गाठोडी बांधली, थोरलीइतका जड होईपर्यंत. मग त्याला खुर्चीत बसवायची. कमरेत धर. पाय फाकव. गुडघ्यात वाक, पाठीत नाही. सुरुवातीला दोघं मिळून सतरंजीवर यायची. नंतर पुतळा वर यायला लागला. नंतर तो वर आल्यावर धाकटी त्याला धरून खिडकीपर्यंत नेऊन परत आणायची. समोरच्या इमारतीतल्या बाईने एकदा हे पाहिलं आणि पडदा ओढून घेतला.

रोज ती थोरलीला फोन करायची. "आज चाललात का?"

"सून दमून येते. तिला कुठं त्रास द्यायचा?"

"आपणच उठायचं. पलंगाला धरून. मी सांगते तसं."

"हो. उद्या बघू."

ते 'उद्या बघू' ऐकलं की धाकटी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायची. त्याचा अर्थ तिच्याइतका कोणाला ठाऊक असणार? फोनवरचा आवाज दिवसेंदिवस मऊ होत चालला होता. थोरली आता कशालाही हो म्हणायची. ती हो म्हणायला लागली तेव्हाच धाकटीने ओळखायला हवं होतं, पण आशा म्हणजे आशा.

ज्या दिवशी पुतळ्याला जमिनीवरून, खुर्चीची मदत न घेता, एकटीने उभं करता आलं, त्याच दिवशी तिने पुतण्याला फोन लावला. घाम पुसायलाही ती थांबली नाही.

"अरे, मला जमतंय! जमिनीवरूनसुद्धा उठवता येतं मला. खरंच. तू ये आणि बघ, पाहिजे तर तुलाच उचलून दाखवते. तिला घेऊन ये आता."

पलीकडे त्याने दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"काकू," तो म्हणाला, "मागच्या महिन्यापासून ती पलंगावरच आहे. कुशीवर वळवायला आम्हाला दोघं लागतात. पाय आखडलेत. डॉक्टर म्हणाले, आता उभं करायचा प्रयत्नसुद्धा करू नका, हाड मोडेल." मग तो घाईघाईनं म्हणाला, "तिनंच सांगू नका म्हटलं होतं. म्हणाली, धाकटी चालायला लागलीय, हे कळलं तर चालायची थांबेल."

धाकटीने फोन ठेवला. खुर्ची जवळच होती, पण ती बसली नाही. खोलीच्या मधोमध उभी राहिली. दुपार कलली, खिडकीतलं ऊन भिंतीवर चढत गेलं आणि विझलं, तरी ती उभीच होती. आता तिला हवं तितका वेळ उभं राहता येत होतं.